मास्तरांचे दुसरे काम : यवतमाळच्या शाळा आणि मुलांची मने

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. त्याआधी नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले होते आणि त्यावरून महाराष्ट्रभर मोठे वादळ उठले होते. अखेर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकातून त्या रंगमंचावर आल्या होत्या. त्या दिवशीच्या त्यांच्या भाषणाची पुष्कळ चर्चा झाली. मात्र एक गोष्ट त्या चर्चेत मागे राहिली. वैशालीताई अंगणवाडीत काम करत होत्या. घरी वडील गमावलेली दोन मुले आणि रोज सकाळी समोर गावातली लहान मुले, अशी त्यांची दुहेरी भूमिका होती.

या लेखाचा विषय तोच आहे. ज्या जिल्ह्याचे नाव गेली काही दशके शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले, त्या जिल्ह्यात वडिलांचे तेरवे उरकून मूल पुन्हा वर्गात येते, तेव्हा त्याला तिथे कोण भेटते? पुस्तक घेऊन उभा असलेला मास्तर, की त्याचे ऐकून घेणारे कुणी माणूस? आणि हे ऐकून घेण्याचे काम मास्तरांचे आहे, असे आपल्याकडे कधीपासून आणि कुणी मानले? या प्रश्नांचे उत्तर यवतमाळच्या सीमेत मिळत नाही. त्यासाठी पुणे, अमरावती, अमळनेर, सेवाग्राम आणि मुंबई असा फेरा मारून परत यवतमाळला यावे लागते.

पंतोजींची छडी आणि मुक्ताचा निबंध

जुन्या गावठी शाळेत मुलाच्या मनाला स्वतंत्र स्थान नव्हते. पाढे, मोडी, हिशेब आणि पाठांतर हा अभ्यासक्रम. छडी, कान पिळणे, अंगठे धरून उभे करणे ही त्याची साधने. पंतोजी क्रूर होते असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल, पण भीती हे शिकण्याचे इंधन आहे ही समजूत त्या काळी सर्वमान्य होती आणि पालकांचीही तिला संमती होती. आपल्या म्हणींमध्ये छडी आणि विद्या यांची जोडी उगाच लागलेली नाही. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि सरकारी शाळा निघू लागल्या. मुलाची हजेरी, वय, जात, इयत्ता यांच्या नोंदी होऊ लागल्या. मूल गप्प का आहे, हे लिहायला त्या नोंदवहीत रकाना नव्हता. तो आजही नाही.

याच काळात पुण्यात मात्र एक वेगळी गोष्ट घडली. फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. मराठी साहित्याच्या आणि सामाजिक चळवळीच्या इतिहासात या निबंधाला मोठे स्थान आहे. शिक्षणाच्या इतिहासात त्याचे आणखी एक महत्त्व आहे, ज्याकडे कमी लक्ष जाते. शिकणाऱ्या मुलीने आपले आणि आपल्या लोकांचे दुःख शाळेच्या वहीत लिहावे, आणि शिक्षकांनी ते खोडू नये, उलट जगासमोर ठेवावे, ही कल्पना तिथे प्रत्यक्षात आली. मुलाला बोलू देणे हेच आजच्या समुपदेशनाचे पहिले पाऊल मानले जाते. ते पाऊल पुण्यात त्या शब्दाच्या कितीतरी आधी पडले होते.

अमरावतीत राहून गेलेल्या ताराबाई

अंगणवाडी हा शब्द आज इतका सरकारी झाला आहे की त्यामागे कुणा व्यक्तीचा विचार असेल हे लक्षातही येत नाही. हा शब्द रूढ झाला तो ताराबाई मोडक यांच्या कामातून. ताराबाईंचे वऱ्हाडाशी नाते होते. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीला राहिल्या. त्यांचे पती तिथे वकिली करत. पुढे त्या राजकोटला बार्टन महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या आणि तिथून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला.

माँटेसोरी पद्धतीतून त्यांनी जे घेतले त्याचा गाभा असा : मुलाला धाकही नको आणि आमिषही नको. मारल्याने मूल शिकत नाही हे पटवणे त्या काळी अवघड होते. बक्षिसाच्या लोभानेही ते खरे शिकत नाही हे पटवणे त्याहून अवघड. मूल चिडते, रडते, हट्ट करते, कोपऱ्यात बसते, तेव्हा ते वाईट वागत नसते, ते काहीतरी सांगत असते, हा विचार मराठी शिक्षकांपर्यंत पोहोचवण्यात 'शिक्षणपत्रिके'चा वाटा मोठा होता.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे निर्धास्त असते तिथे शिक्षकाने जावे, हे त्यामागचे सूत्र. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. पोषण, लसीकरण, वजनाचा तक्ता हे सारे तिच्यात आले आणि त्याची गरजही होती. मात्र मुलाच्या भीतीकडे आणि रुसव्याकडे पाहण्याची ताराबाईंची नजर शासकीय तक्त्यात उतरली नाही. ती सेविका आणि मदतनीस यांच्या व्यक्तिगत मायेवर सोपवली गेली.

अमळनेरचे वसतिगृह

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांचे नाव निघाले की 'श्यामची आई' आठवते. ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. प्रस्तुत विषयासाठी मात्र त्यांच्या वसतिगृहातील दिवस अधिक महत्त्वाचे आहेत. घरापासून लांब आलेली, बहुतेक खेड्यांतली मुले तिथे राहत. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवत, आजारी मुलाजवळ बसत. मुलांसाठी ते हाताने लिहून छात्रालयाचे दैनिक काढत. पुढे त्यातूनच 'विद्यार्थी' मासिक आले.

यात सेवाभाव होताच, पण एक पद्धतही होती. अस्ताव्यस्त खोलीबद्दल रागावण्याऐवजी ती आवरून ठेवली, तर मुलाला न बोलता काही कळते. रोज सकाळी आपल्या शिक्षकाच्या हातचे चार शब्द वाचायला मिळाले, तर घराची आठवण थोडी हलकी होते. आजच्या भाषेत याला सुरक्षित वातावरण म्हणतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाचे मन हा यवतमाळसाठी आजचा प्रश्न आहे. जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत आणि त्यांच्या आश्रमशाळांमधून कोलाम, गोंड, परधान, आंध समाजांची मुले शिकतात. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिदुर्बल आदिम जमातींपैकी एक. सहा वर्षांचे कोलाम मूल घर सोडून आश्रमशाळेत येते तेव्हा ते केवळ आईपासून लांब जात नाही, कोलामी बोलीपासूनही लांब जाते. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवरून येणाऱ्या बंजारा मुलाचीही तीच गत. ज्या भाषेत रडू येते त्या भाषेत त्याच्याशी बोलणारे कुणी त्या इमारतीत असेलच असे नाही.

गुरुजींविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती या विषयाच्या गाभ्याशी आहे. इतक्या मुलांची मने जपणाऱ्या या शिक्षकाने ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले. त्यामागच्या कारणांची चर्चा इथे करायची नाही. पण ऐकणाऱ्याचे ऐकणारे कोण, हा प्रश्न त्या दिवसापासून मराठी शिक्षणाच्या दारात उभा आहे.

सेवाग्रामची शाळा

यवतमाळला लागूनच वर्धा जिल्हा. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम पुढे आली. झाकीर हुसेन समितीने तिचा आराखडा केला. सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी यांनी ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. नई तालीमची चर्चा बहुधा हस्तोद्योगापाशी थांबते. सूत कातणे, शेती, स्वयंपाक, सफाई यांतून गणित आणि भाषा शिकायची, हे तिचे बाह्यरूप. आतला विचार असा की ज्या मुलाला आपले हात उपयोगी आहेत हे रोज कळते, त्याचा स्वतःवरचा विश्वास परीक्षेतल्या गुणांवर अवलंबून राहत नाही.

कापूस पिकवणाऱ्या मुलखात या विचाराला वेगळा अर्थ आहे. इथल्या मुलाने बापाला वर्षभर राबताना आणि तरीही हरताना पाहिलेले असते. त्याच्या डोळ्यांसमोर श्रम आणि अपयश यांची जोडी पक्की होत जाते. शेतीची लाज न वाटता शेती समजून घेणारी शाळा त्या जोडीला थोडा तडा देऊ शकते. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन शाळा पुन्हा याच वाटेने चालली आहे. नई तालीम देशभर रुजली नाही, पण वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर एक प्रयोग जिवंत आहे, ही नोंद महत्त्वाची.

शास्त्र आले, पण शहरात थांबले

मुलांच्या मनाचे शास्त्र आणि शाळा यांची गाठ कशी पडली, त्याचा एक प्रसंग प्रत्येक शिक्षकाला माहीत असावा असा आहे. १८९६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात लाइटनर विटमर या प्राध्यापकाकडे मार्गारेट मॅग्वायर नावाची शिक्षिका आपला एक विद्यार्थी घेऊन गेली. मुलगा हुशार होता, पण त्याला शब्दलेखन काही केल्या जमत नव्हते. तपासणीत त्याच्या दृष्टीतला दोष सापडला. चष्मा लावला आणि शिकवण्याची पद्धत बदलली, तशी सुधारणा होत गेली. जगातल्या पहिल्या मानसशास्त्रीय चिकित्सालयाची सुरुवात या प्रसंगापासून मानली जाते. म्हणजे हे शास्त्र शाळेकडे चालत आले नाही. एक शिक्षिका आपल्या प्रश्नासह शास्त्राकडे गेली.

आपल्याकडे १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा संस्था सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिच्या आधाराने देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र उघडले. वर्ध्याची परिषद आणि मुंबईचे हे केंद्र एकाच वर्षातले. एका ठिकाणी मुलाचे हात आणि श्रम यांतून विचार सुरू होता, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या अडचणीच्या तपासणीतून. दोन्ही वाटा एकत्र आल्या असत्या तर ग्रामीण शाळेचे रूप कदाचित वेगळे दिसले असते. तसे झाले नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची शिफारस केली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ती अधिक नेमकी केली : दर दहा शाळांमागे निदान एक फिरता समुपदेशक असावा. ही मागणी फार मोठी नव्हती. एका तालुक्याला तीन-चार माणसे पुरली असती. पण खेड्यातल्या शाळेत शिकून गेलेल्या कोणाही वाचकाने आठवून पाहावे, की असा माणूस आपल्या शाळेत कधी आला होता का.

महाराष्ट्रात काही संस्थांनी हे काम आपापल्या परीने पुढे नेले. १९६२ साली पुण्यात डॉ. वि. वि. पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि मानसशास्त्राला शाळेच्या रोजच्या कामात आणले. १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली. तिथून निघालेल्या 'वेध' परिषदांनी करिअरच्या निमित्ताने हजारो मुलांपर्यंत आणि पालकांपर्यंत मनाची भाषा नेली. बीड जिल्ह्यात २००९ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू झाले. मुलांनी गोल करून बसायचे, एकमेकांचे ऐकायचे, राग आणि भांडण यांवर बोलायचे, अशी त्याची रीत. शहरी संस्थांच्या वर्तुळाबाहेर, साध्या शिक्षकांच्या हाती आलेला तो प्रयत्न होता.

१९ मार्च १९८६ आणि नंतर

यवतमाळच्या इतिहासात १९ मार्च १९८६ ही तारीख कोरली गेली आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी त्या दिवशी पवनारजवळ दत्तपूर येथे पत्नी आणि मुलांसह जीवन संपवले. जाहीर नोंद झालेली ही पहिली शेतकरी आत्महत्या मानली जाते. २०१७ पासून दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रात अनेक जण अन्नत्याग करतात. या घटनेचे आर्थिक अर्थ पुष्कळ लावले गेले आणि ते आवश्यकच होते. पण त्यात मुलेही गेली, हे वाक्य आपण भरभर वाचून पुढे जातो.

नंतरच्या काळात कापसाचे भाव, कर्ज, सिंचनाचा अभाव यांवर अहवाल आले. १ जुलै २००६ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. सिंचन, व्याजमाफी, पतपुरवठा, बियाणे हे त्याचे मुख्य भाग होते. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली, आणि ती देताना प्रत्येक मृत्यूची चौकशी होऊन त्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शिक्का बसू लागला.

शाळेच्या बाजूने हा शिक्का पाहिला पाहिजे. घरी तलाठी येतो, पोलीस येतात, कधी पत्रकार आणि पुढारी येतात. कर्ज होते का, दारू होती का, भांडण होते का, असे प्रश्न मुलांच्या देखत विचारले जातात. मग एक दिवस गावात बातमी येते की अमक्याचे प्रकरण अपात्र ठरले. प्रशासनाच्या लेखी तो कागदाचा निकष असतो; दहा वर्षांच्या मुलाच्या कानी मात्र 'आपला बाप अपात्र' एवढेच पडते. तेरवी झाल्यावर ते मूल केस उतरवलेल्या डोक्याने वर्गात येते. बाकावरची पोरे त्याच्याकडे पाहतात आणि लगेच नजर वळवतात. मास्तरांनाही काय बोलावे सुचत नाही, म्हणून ते धडा पुढे चालू करतात. यात मास्तरांचा निष्ठुरपणा नाही. अशा वेळी काय बोलावे, हे त्यांना कुणी कधी शिकवलेले नसते.

पुढे काय होते तेही ठरल्यासारखे आहे. थोरला मुलगा औतामागे जातो. मुलगी निंदणाला आणि कापूस वेचायला जाऊ लागते आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत राहते. शिकणारे मूल एकाएकी घरातले कर्ते माणूस होते आणि त्याच्या शोकाला जागा राहत नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हाही हेच चित्र पुन्हा दिसले.

२०१५ साली राज्य शासनाने यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू केले आणि त्याच वर्षी चौदा जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला. आशा सेविकांनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे ओळखायची, गरज असेल त्याला दवाखान्यात पाठवायचे, १०४ क्रमांकावर समुपदेशन मिळायचे, अशी त्याची रचना होती. शेतकऱ्याच्या मनाकडे शासनाने अधिकृतपणे पाहिले, हे मोठे पाऊल होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या 'विश्राम' या प्रकल्पाने अशा कामाचा उपयोग दाखवून दिला होता. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांमुळे, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मदत घराजवळ आली, ओळखीच्या माणसाकडून आली, तर लोक ती घेतात, हा त्याचा धडा. पण हे प्रयत्न मुख्यतः मोठ्या माणसांसाठी होते. त्याच घरातले मूल रोज पाच-सहा तास जिथे असते, ती शाळा या आखणीच्या कडेला राहिली.

कागदावर आलेले मन

शाळेसाठीही कायदे आणि योजना झाल्याच. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली. पंतोजींच्या छडीपासून सुरू झालेला प्रवास इथे एका टप्प्यावर आला. फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचे ठरले आणि भावनिक आरोग्य हा त्यांच्या विषयांपैकी एक होता. त्याच वर्षी करोनाने शाळा बंद पडल्या आणि जुलैमध्ये केंद्र सरकारने 'मनोदर्पण' ही सेवा आणली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये राज्याने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला.

याच काळातले आकडेही पाहावे लागतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातले होते आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळावे.

कोठारी आयोगानंतर सुमारे साठ वर्षांनी आलेला हा आदेश स्वागतार्हच आहे. पण झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीच्या डोळ्यांनी तो वाचला की अडचण दिसते. इथल्या गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांपैकी अनेकांचा पट शंभराच्या आत आहे. त्यांच्या वाट्याला 'बाहेरचा तज्ज्ञ' येतो, आणि तो यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात किंवा त्याहून लांब असतो. मजुरी बुडवून, एसटीने, मुलाला घेऊन तिथे जाणारी आई क्वचितच सापडेल. म्हणजे शेवटी काम पुन्हा मास्तरांवरच येते.

मास्तरांवर सोपवले की झाले?

इथे एका अभ्यासाची आठवण करून देणे आवश्यक आहे, कारण तो आपल्या आवडत्या समजुतीला धक्का देतो. बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला. काही शाळांत शालेय वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम त्यासाठीच नेमलेल्या, थोडे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी चालवला; काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी चालवला; उरलेल्या शाळांत तो नव्हता. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र फारसा फरक पडला नाही.

यावरून शिक्षकांना हे जमत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ताराबाई, अनुताई, साने गुरुजी हे शिक्षकच होते. फरक आहे तो वेळेचा आणि भूमिकेचा. जो सकाळी गैरहजेरीबद्दल बोलतो, दुपारी पोषण आहाराचा हिशेब लिहितो, संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरतो आणि निवडणूक आली की बूथवर जातो, त्याच्याजवळ मन मोकळे करायला मूल कोणत्या तासाला जाणार? शिवाय गुण देणारा आणि ऐकून घेणारा एकच माणूस असला की मूल बिचकते. इतिहासातून दिसते ते हेच : प्रत्येक आयोगाने आणि प्रत्येक योजनेने मुलाच्या मनाची जबाबदारी शिक्षकाकडे दिली, पण त्यासाठी त्याच्या हातातले दुसरे काम काढून घेतले नाही. दुसरे काम हे कायम फावल्या वेळाचे काम राहिले.

मग काय शक्य आहे? उत्तर नवे शोधण्याची गरज नाही, या लेखातल्या वाटांवरच ते पसरलेले आहे. कोठारी आयोगाचा फिरता समुपदेशक, दहा शाळांमागे एक, केंद्रशाळेला जोडून आजही नेमता येईल. यवतमाळला समाजकार्य महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्यातल्याच पदवीधर तरुण-तरुणींना प्रशिक्षण दिले तर कोलामी, गोंडी, बंजारा बोलणारी माणसे शाळेत येतील. शिक्षकाकडून उपचाराची अपेक्षा नको, ओळखण्याची हवी : वडील गेलेले मूल परत आल्यावर पहिल्या दिवशी त्याच्याजवळ जाऊन बसणे, घडलेली गोष्ट नाव घेऊन मान्य करणे, त्याला वर्गासमोर उभे न करणे, गप्प राहायची मुभा देणे, आठवडाभराने पुन्हा विचारणे, आणि काळजी वाटली तर पुढे कुणाला सांगायचे हे माहीत असणे. जीव नकोसा झाला असे मूल बोलले तर ते नाटक नाही हे समजून लगेच मदत मागणे. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. तो शाळेच्या भिंतीवर, मुलांच्या आणि शिक्षकांच्याही नजरेत, लिहिलेला असावा.

शिक्षकांच्याही, हे मुद्दाम म्हटले. एका छोट्या गावात दर एक-दोन वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी तेरवीला जाणारा मास्तर आतून तसाच राहत नाही. त्याने महिन्यातून एकदा केंद्रावरच्या इतर शिक्षकांबरोबर बसून, अहवाल न लिहिता, नुसते बोलावे एवढी सोय झाली तरी पुष्कळ होईल. शिक्षण परिषदा दरमहा भरतातच. त्यांतला एक तास त्यासाठी द्यायला नवा निधी लागत नाही.

संमेलनाच्या मांडवात वैशालीताईंनी दिवा लावला त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या वर्षी अंगणवाडीत बसलेली पोरे आज वरच्या वर्गात आहेत. कापसाचे भाव ठरवणे त्यांच्या मास्तरांच्या हातात नाही आणि पाऊसही नाही. हजेरी घेताना एखाद्या नावापाशी थांबून वर पाहणे मात्र त्यांच्या हातात आहे. त्यांना तेवढी उसंत मिळते की नाही, हे मात्र आपण सगळ्यांनी मिळून ठरवायचे आहे.